जित्या माणसाचा फोटो

मी टीव्हीत होतो असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या तोंडाकडे बघतो, मग पोटाकडे, आणि मग विचारतो, "कोणत्या मालिकेत?" आता काय सांगावं! मी टीव्हीत होतो म्हणजे टीव्हीच्या मनोऱ्याखाली होतो. हिंगोलीबाहेर माळावर सरकारी टीव्हीचं एक लहानसं केंद्र होतं. दोन खोल्या, एक लोखंडी मनोरा, आभाळाकडे तोंड करून बसलेली भली मोठी डिश आणि ऐन गरजेच्या वेळी रुसणारं डिझेलचं जनरेटर. तिथं मी टेक्निशियन होतो, आणि अर्धी हयात त्या माळावर वारा खाल्ला.

काम काय, तर उपग्रहावरून येणारं चित्र आणि आवाज त्या डिशनं झेलायचं, यंत्रातून मोठं करायचं आणि मनोऱ्यावरून चहूकडे फेकायचं. बस. आमच्याकडे कॅमेरा नव्हता, माईक नव्हता, बोलणारी बाई नव्हती. वरून जे आलं ते खाली द्यायचं, आपलं एक अक्षर घालायचं नाही, हा पक्का नियम. पण हे लोकांना पटेल तर शपथ! सगळ्या पंचक्रोशीचा समज असा, की कार्यक्रम आम्हीच त्या दोन खोल्यांत शिजवतो. कुरुंद्याचा एक हळदवाला उंच बांबूवर अँटिना चढवून आमचं चित्र ओढायचा. तो एकदा बाजाराला आला आणि थेट केंद्रावर चढला. म्हणे, "हळद शिजवायचे दिवस हायेत, मानूस कढईपासून हालत न्हाई, आन् तुमी बराबर त्याच टायमाला पिक्चर काहून लावता? जरा मागंफुडं करा की." मी त्याला दिल्ली, उपग्रह, सगळं समजावलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, चहा पिला आणि जाताना म्हणाला, "बरं, मंग पुढच्या आयतवारी बगा." मी कपाळावर हात मारला.

सुरुवातीला आमच्याकडे फक्त दिल्लीचं हिंदी यायचं. पुढे, नव्वदनंतरच्या काही वर्षांत, मुंबईचं मराठी उपग्रहावरून मिळायला लागलं आणि माझ्या नोकरीत एका बटणाची भर पडली. संध्याकाळी ठरल्या वेळी दिल्ली बंद करून मुंबई लावायची. सातच्या मराठी बातम्या. बटण दाबायला जरा उशीर झाला की फोन वाजलाच, "ओ, झोपले काय?" पण ती अर्धी शिवी मला गोड लागायची. आपल्या भाषेतल्या बातम्यांसाठी लोक भांडत होते. त्या बातम्यांत आमच्या भागाचं काही असायचं का, तर क्वचित. तेव्हा हिंगोली जिल्हासुद्धा झाला नव्हता, आम्ही परभणीचं शेपूट होतो. इथं काही घडलं तर वार्ताहर कॅसेट पिशवीत घालून एसटीच्या ड्रायव्हरच्या हवाली करायचा, ती औरंगाबादला उतरायची, तिथून मुंबई. पोचेपर्यंत बातमीला वास यायचा.

त्याच वेळेच्या आसपास हरवलेल्या माणसांचे फोटो दाखवायचे. एकेक फोटो पडद्यावर थोडा वेळ थांबायचा, मागून बाईचा आवाज नाव, गाव, अंगावरचे कपडे सांगायचा. मी एरवी त्या वेळात चहा घ्यायचो. खोटं काहून बोलू? दुसऱ्याचं हरवलेलं माणूस कोण एवढं निरखून बघतं.

असाच एक दिवस ग्यानबा केंद्रावर आला. सिद्धेश्वर धरणाच्या अंगाला एक वस्ती आहे, तिथला हा म्हातारा मेंढरं राखणारा. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी. टॉवेलात गुंडाळलेला एक फोटो त्यानं टेबलावर ठेवला. औंढ्याच्या यात्रेत काढलेला, रंगवलेल्या पडद्यासमोर उभं असलेलं जोडपं.

"ह्यो माझा थोरला, मारोती. मेंढराला दवा आनतो म्हून वारंगा फाट्याला गेला. तो गेलाच. दोन पावसाळं झाले. तेवढा फोटू लावा साहेब."

मी सांगितलं, "बाबा, इथून काही लावता येत नाही. मुंबईहून लागतं ते."

"मंग मुंबईला तुमीच सांगा. तुमचं रोजचं येनंजानं."

माझं आणि मुंबईचं येणंजाणं! पण म्हाताऱ्याचा चेहरा बघून चेष्टा करवेना. सायकलवर डबलसीट बसवून मी त्याला पोलीस ठाण्यात नेलं, अर्ज लिहून दिला, जमादाराच्या मागं लागून फोटो मुंबईला रवाना करायला लावला. ठाण्यात त्यांनी फोटोतली बाई कापून ठेवली आणि एकटा मारोती पाकिटात घातला. ग्यानबा ते बघत उभा होता. म्हणाला, "ती न्हाई ना हारवली, म्हून."

बरेच महिने गेले. मी विसरलोही होतो. आणि एका संध्याकाळी हातात चहाचा कप असताना समोरच्या पडद्यावर मारोती! रंगवलेला पडदा, नवा सदरा आणि बाजूला बायकोचं कोपर तेवढं उरलेलं. बाईनं नाव बरोबर घेतलं, गाव बरोबर घेतलं. मी एकटाच खोलीत ओरडलो, "लागला रे लागला!" वाटलं, आता कुठूनतरी निरोप येणार. एवढा मोठा मुलूख बघतो. ट्रकवाला बघेल, हॉटेलवाला बघेल, कोणीतरी म्हणेलच की हा आमच्याकडं आहे. केंद्रावरच्या चौकीदाराला मी त्या दिवशी बळंच जिलबी खाऊ घातली.

दोनेक आठवड्यांनी ग्यानबा परत आला. पटका नव्हता. डोकं भादरलेलं, मिशी काढलेली. मी आधी ओळखलंच नाही. हातातला नारळ त्यानं माझ्या टेबलावर ठेवला आणि हात जोडले.

"साहेब, तुमचे उपकार झाले. खबर लागली. धाव्वा झाला परवा."

"कोणाचा दहावा?"

"मारोतीचा की. तुमीच दावलं न्हवं? धाकटा मेंढरामागं लांब हाय, मारोतीला लेकरूबाळ न्हाई, मंग म्याच केलं समदं. बापानं लेकाला पूर्णेत पानी सोडलं बगा."

मी म्हटलं, "बाबा, अहो हरवला म्हणून दाखवला! मेला असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"फोटू दावला की."

"फोटो दाखवला म्हणजे माणूस मेला होत नाही!"

ग्यानबानं माझ्याकडं असं बघितलं, जसा काही मीच जरा खुळा आहे. "साहेब, जित्या मानसाचा फोटू कवा दावलाय तुमी? जिता मानूस टीव्हीत हालतो, बोलतो. मंत्री मेला का फोटू येतो. गानारा मेला का फोटू येतो. आमचा मारोती हालला न्हाई."

एवढी वर्षं मी तो पडदा बघत होतो, पण हे कधी डोक्यात आलं नव्हतं. सातच्या बातम्यांत हलणारा माणूस जिवंत आणि थांबलेला माणूस गेलेला, हे त्या वस्तीनं आपलं आपण बघून ठरवून टाकलं होतं. आणि चुकीचं तरी कसं म्हणायचं?

पण आवाज? बाई तर स्वच्छ सांगत होती. मी तसं विचारल्यावर ग्यानबा म्हणाला, "आवाज कुठला साहेब. लिंबाजी सांगतो."

आता हे लिंबाजी प्रकरण बघायला मी दुसऱ्या दिवशी रजा टाकून वस्तीवर गेलो. तिथं ग्रामपंचायतीचा एक जुना टीव्ही होता. त्याचा स्पीकर कधीचाच फाटला होता आणि तो दुरुस्त करायची कोणालाही घाई नव्हती, कारण लिंबाजी होता. हा गावचा शिंपी. रोज पडद्याशेजारी उभा राहून चित्रावरून अंदाजानं सगळं सांगायचा. दोन मंत्री हात मिळवताना दिसले की "दोघायचं पटलं," विमान दिसलं की "पाव्हने आले." मालिकेतल्या सासूचं बोलणं तर तो सासूपेक्षा ठसक्यात बोलायचा. लोक तासन्‌तास ऐकायचे. बायका म्हणायच्या, आवाजाच्या टीव्हीत मजाच न्हाई. त्या संध्याकाळी मारोतीचा फोटो आला तेव्हा लिंबाजीनं टोपी काढली आणि म्हणाला, "गेला रे आपला मारोती." संपलं. वस्तीत हंबरडा उठला.

मी लिंबाजीला झाडला. चांगला झाडला. "अरे, कळत नाही तर गप बसायचं होतं! चित्र बघून माणूस मारतोस?" तो मान खाली घालून मशीनवर बसला होता. म्हणाला, "साहेब, म्या काय मुद्दाम मारला का? माझा दोस्त होता तो. म्या बी उपाशी झोपलो त्या दिशी."

मग मारोतीच्या बायकोला भेटलो. कौसाबाई. तिशीही गाठली नसेल. कपाळ मोकळं, हातात बांगडी नाही. आजूबाजूला चार बाया बसलेल्या. तिनं माझ्याकडं सरळ बघून विचारलं, "भाऊ, तुमी तुमच्या कानानं आयकलं का? काय म्हनली ती बाई?"

मी सांगितलं. नाव, गाव, वय, हरवले आहेत, कोणाला दिसल्यास कळवावे.

"हारवले हायेत म्हनली? हायेत?"

"आहेत."

"पुन्यांदा सांगा."

मी पुन्हा सांगितलं. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या.

मला घाई का करायला पाहिजे, हे बाहेर ग्यानबाच्या बोलण्यातून कळलं. पुनवेला भावकी बसणार होती. धाकटा तोवर मेंढरं घेऊन परत येणार होता, आणि कौसाबाईचा त्याच्याशी पाट लावायचं ठरलं होतं. पोरीनं उभा जन्म एकटीनं कसा काढायचा, ह्या विचारानंच ठरवलं होतं, त्यात कोणाचं पाप नव्हतं. पण कौसाबाईनं दाराआडून मला ऐकू जाईल असं म्हटलं, "माझा नवरा जिता हाय आन् हे माझं दुसरं लगीन लावून राहिले."

मी ग्यानबाला म्हटलं, बैठक थांबवा. भावकीतला एक वडीलधारा पुढं आला आणि म्हणाला, "साहेब, तुमी भले मानूस. पन तुमी एकटेच म्हनून राहिले. त्यो गेला हे समद्या वस्तीनं टीव्हीत बघितलं. ज्या टीव्हीनं सांगितलं त्यानंच परत सांगू द्या की, चुकलं म्हून."

बोलणं खोटं नव्हतं, पण करायचं कसं? माझ्या ताब्यात मनोरा होता, यंत्र होतं, आसपासची सगळी गावं त्या मनोऱ्याकडं तोंड करून बसलेली, आणि मला त्यातून एक वाक्य बोलता येत नव्हतं. मी माझ्या वरच्या साहेबांना विचारून बघितलं, एक पाटी तरी लावू द्या. ते म्हणाले, "वेड लागलंय का? हे रिले केंद्र आहे. आज हरवलेला माणूस लावाल, उद्या हरवलेली म्हैस." त्यांचंही चूक नव्हतं. पण त्या दिवशी मला त्या सगळ्या लोखंडाचा राग आला.

मग मुंबईला फोन. पहिल्या दिवशी कोणी उचलला नाही, दुसऱ्या दिवशी उचलून ठेवून दिला, तिसऱ्या दिवशी हे फोटो लावणाऱ्या विभागातल्या एक बाई भेटल्या. एकदा दाखवलेला फोटो परत लागत नाही म्हणाल्या, रांग फार मोठी आहे. माझा तोल गेला. मी ओरडलो, "बाई, तुमच्या फोटोनं इथं एक माणूस मेला!"

मग मी सगळं सांगितलं. लिंबाजी, भादरलेलं डोकं, पुनव. त्या मध्येच थांबवून म्हणाल्या, "जिवंत माणूस हलतो, असं म्हणाले ते?" मी हो म्हटलं. म्हणाल्या, "मी किती वर्षं हे फोटो वाचतेय. कोण सापडलं, कोण नाही, आम्हाला कोणी कळवत नाही. तुमचा पहिलाच फोन." आणि मग, "पुनवेच्या आत लावते. मी स्वतः वाचते."

त्या वाघिणीनं शब्द पाळला. आदल्या दिवशी निरोप आला, उद्या लागतोय. आता आवाजाचा टीव्ही पाहिजे. घरचा लहान काळा-पांढरा टीव्ही मी चादरीत बांधला, तेव्हा बायकोनं आकांडतांडव केलं, "आज माझी मालिका आहे!" मी म्हटलं, "आज गप बस." लग्नापासून पहिल्यांदा एवढं बोललो असेन. केंद्रावरच्या जोडीदाराला बजावलं, की वीज गेली तर जनरेटर, जनरेटर रुसलं तर त्याच्या पाया पड, पण मुंबई सोडायची नाही. टीव्ही मांडीवर घेऊन एसटीनं औंढा, तिथून जीपनं वस्ती.

पारावर ट्रॅक्टरची बॅटरी लावून टीव्ही जोडला. सगळी वस्ती जमली. बाया एका बाजूला, त्यात कौसाबाई. धाकटाही आदल्या दिवशीच मेंढरं घेऊन आला होता, तो लांब उभा. लिंबाजी सवयीनं पडद्याशेजारी जाऊन उभा राहिला. मी म्हटलं, "आज तू बस." तो बसला.

बातम्या झाल्या. एक फोटो गेला, दुसरा गेला. मग मारोती आला. आणि बाईंचा आवाज साऱ्या पारावर घुमला. नाव, गाव, हरवले आहेत. शेवटी त्यांनी एक वाक्य आपल्या मनानं जोडलं होतं: "घरची माणसं त्यांची वाट पाहत आहेत." फोटो गेला. मी टीव्ही बंद केला.

पहिला बोलला तो लिंबाजी. "हारवले म्हनली. मेले न्हाई म्हनली. म्या चुकलो." भावकीतला वडीलधारा उठून म्हणाला, "मंग पुनवेची बैठक न्हाई." धाकट्यानं खांद्यावरची घोंगडी सारखी केली आणि मेंढवाड्याकडं निघून गेला. त्याची सुटका झाली का निराशा, कोणाला कळलं नाही. मला वाटलं, जिंकलो! छाती भरून आली. नोकरीत असा दिवस कधी उगवला नव्हता.

ग्यानबा तिथंच बसून राहिला होता. डोक्यावर उगवलेल्या खुंटांवरून हात फिरवत होता. मी जवळ गेलो तर म्हणाला, "साहेब, पानी सोडून आलो म्या. त्यो मोकळा झाला म्हून आलो. आता ते पानी परत कसं घेऊ? आन् आता रडू का नगं रडू?" मी त्याच्या शेजारी बसलो आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला, दुसरं काय करणार.

कौसाबाईनं मला जेवायला थांबवलं. कपाळाला कुंकू लावलं होतं. ताटात भाकरी वाढताना म्हणाली, "भाऊ, तुमी बराबर केलं. दुसरं कोनी केलं नसतं. पन मेला व्हता तवा धा बाया माझ्यापाशी बसत व्हत्या, भाकर बी दुसऱ्याच्या घरून यायची. आज बगा, कोनी न्हाई." खरंच, घरात ती, ग्यानबा आणि मी, आम्ही तिघंच होतो. "आन् आता समद्या मुलखाला सांगितलंय तुमी, घरची वाट बघून राहिले म्हून. आता बघावीच लागंल." ती हसली थोडी.

मारोतीचा निरोप आला नाही. आमच्या केंद्राकडं दिवस तसे बदलत गेले. हिंगोली जिल्हा झाला. केबल आली, दिवसभर बातम्या ओरडणाऱ्या खासगी वाहिन्या आल्या, जिल्ह्याच्या वार्ताहराकडं खांद्यावरचा कॅमेरा आला, आणि कॅसेटची पिशवी जाऊन कॉम्प्युटरवरून चित्रं जायला लागली. मग छपराछपरावर लहान डिश उगवल्या आणि आमच्या मनोऱ्याकडं तोंड केलेले बांबू एकेक करून खाली आले. माझं दिल्ली-मुंबईचं बटण यंत्र आपलं आपण दाबायला लागलं. माणसं कमी केली, मला दुसरीकडं पाठवलं. आणि ह्या सगळ्या धांदलीत ते हरवलेल्यांचे फोटो आमच्याकडं दिसायचे कधी बंद झाले, ते मलाही कळलं नाही. चहा पिणाऱ्याला कसं कळणार.

बदलीच्या गावाहून परत येताना एकदा औंढ्याच्या स्टँडवर कौसाबाई भेटली. केस पिकायला लागले होते. कुंकू होतं. ग्यानबा गेला म्हणाली. घरी आता डिशचा टीव्ही आहे, रंगीत, चांगला आवाज आहे. धाकट्यानं घेतलाय, त्याचं लग्न झालं, लेकरं आहेत. मग तिनं विचारलं, "भाऊ, रोज बघते, पन ते फोटू आता न्हाई दावत. काहून?"

मी म्हटलं, "बंद झालं असेल ते."

तिनं मान हलवली. हे तिनं आधीच समजून घेतलं होतं, तिला फक्त मला विचारून खात्री करायची होती.

"म्हंजी बाकीचे समदे घावले," ती म्हणाली. "आमचाच तेवढा ऱ्हायला."

तिची गाडी लागली होती. ती पिशवी उचलून गाडीत चढली, आणि मी भर दुपारी, भरल्या स्टँडवर, उभ्या उभ्या रडलो.